दहा आकडे आणि एक धपाटा

आमच्या घरातला संगणक सुरू करायची एक रीत होती. बटण दाबायचं. आतला पंखा घरघरायला लागायचा, हिरवा दिवा लागायचा, पण पडदा काळाच राहायचा आणि डब्यातून तीन लांब शिट्ट्या यायच्या. मग भिंतीवरचं बटण बंद करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, डब्याच्या डाव्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, उघड्या तळव्यानं एक धपाटा घालायचा आणि पुन्हा सुरू करायचं. दहातल्या नऊ वेळा तो सुरू व्हायचा. दहाव्या वेळी दोन धपाटे.

ही रीत माझी. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चिडून मी डब्याला चापट मारली आणि तो चालू झाला, तेव्हापासूनची. माझी नात तेव्हा शेजारीच उभी होती. वय दहा. घरात सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत नेते. तिनं विचारलं होतं, "आजोबा, मारल्यावर कसा काय चालू झाला?"

मी म्हणालो, "काही जणांना पाठीत धपाटा बसल्याशिवाय जाग येत नाही. तुझ्या बापाचं असंच होतं."

ती पोट धरून हसली. मीही हसलो.

इथे एक सांगायला हवं. मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाची उत्तरं किती तपासली याची मोजदाद नाही. "ते तसंच असतं, सर" असं म्हणणाऱ्या मुलावर मी कधी रागावलो नाही. "तसं का असतं?" एवढंच विचारून त्याच्याकडे बघत थांबायचो. सगळा वर्ग थांबायचा आणि शेवटी ते पोर डोकं चालवायचंच. निवृत्त झाल्यावरही दुपारी आजूबाजूची पाचसहा मुलं आमच्या पुढच्या खोलीत येतात. त्यांनाही मी तेच विचारतो. आणि त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर, मी रोज दहा आकडे मोजून डब्याला धपाटा घालत होतो. पोरं एका सुरात आकडे म्हणायची. आज धपाट्याची पाळी कुणाची, यावरून भांडायची. त्यांच्यातल्या एकानंही पुन्हा 'का' विचारलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मुंगीच्या शाळेतून चिठ्ठी आली तो सोमवार होता. सून नुकतीच कामावरून आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, सकाळी आठला बाहेर पडते, आणि घरातल्या संगणकाकडे ढुंकूनही बघत नाही. आमची रीत तिला ठाऊक नव्हती. खांद्यावरची पिशवी न काढताच ती वाचायला लागली.

"'आपल्या पाल्याने संगणक कक्षातील यंत्रावर हाताने प्रहार केल्यामुळे...' प्रहार? मुंगे, तू मारलंस त्याला?"

मुंगीनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. चार मुलं मिळून वर्गाचं भित्तिपत्रक करत होती. त्या दिवशी यंत्र सुरू करायची पाळी हिची. पडदा काळा, त्यावर एक बारीक पांढरं कडं नुसतं गोल फिरतंय. तास संपायला आलेला. हिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, घाईत तीनपर्यंतच मोजलं आणि डाव्या बाजूला धपाटा घातला. आत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. सर धावत आले. ते यंत्र अपडेट होत होतं, पाच मिनिटांत ते आपोआप सुरू झालं असतं. माहिती साठवणारी आतली तबकडी फिरायची थांबण्याआधीच धक्का बसल्यामुळे तिच्यावर ओरखडा पडला. राखून ठेवलेली नक्कल जुनी होती. चौघांचं तीन आठवड्यांचं काम गेलं. आता वर्ष संपेपर्यंत मुंगीला संगणक कक्षात यायचं नाही आणि भित्तिपत्रकातूनही तिचं नाव काढलेलं.

"यंत्राला मारायचं हे तुला शिकवलं कुणी?" सुनेनं विचारलं.

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग स्वतःच्या पायांकडे.

"कुणी नाही. माझ्या मनानंच."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान माझं सकाळीच वाचून झालं होतं.

"मनानं म्हणे! घरात आजोबांसारखा माणूस असून ही अक्कल? निदान त्यांना तरी विचारायचंस. चार दिवस खेळायला जायचं नाही, कळलं?"

मी मूग गिळून बसलो. आता बोलू, मग बोलू, सून जरा शांत झाल्यावर बोलू, असं म्हणता म्हणता जेवणं झाली, दिवे मालवले गेले. मंगळवारी दुपारी मुलं आली. एकजण म्हणाला, "आजोबा, आज धपाटा माझा!" मुंगी उठून आत निघून गेली. "आज संगणक बंद," मी म्हणालो. बुधवारीही तेच. खाली मुलांचा खेळ चालू असायचा आणि मुंगी खिडकीच्या गजाला गाल टेकवून बसायची. मी चष्मा पुसायचो.

गुरुवारी मी डबा उघडायचं ठरवलं. खरं कारण हाती लागलं, तर शाळेत जाऊन सांगायला तोंड राहील, असं मी मनाशी म्हणत होतो. तीही पळवाटच होती. कबूल करायला कारण लागत नाही. पण रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं होतं, हे खरं.

मुंगी जमिनीवर गृहपाठ करत होती.

"मुंगे, जरा मदत करतेस?"

"मी हात लावणार नाही."

"नको लावूस. फक्त लिही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं."

तिनं वहीचं मागचं पान उघडलं, पण जागेवरून हलली नाही. मी पडद्याची तार काढून दुसरी लावली. तीन शिट्ट्या. कळफलक काढला. तीन शिट्ट्या. माऊस काढला. तीन शिट्ट्या.

"पडद्याचा दोष नाही," ती वहीतच बघत म्हणाली. "शिट्टी डब्यातून येतेय."

"बरोबर."

मग मी भिंतीतली तार उपसली, अंगातली वीज उतरायला नळाला हात लावून आलो आणि डब्याचं डावं झाकण काढलं. स्क्रू एका वाटीत ठेवले. आता मात्र मुंगी गुडघ्यांवर सरकत आली, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"आजोबा, एवढा जुना डबा आणि आत धूळ कशी नाही?"

"मी साफ केला होता."

"कधी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम आठवलं. आठ महिन्यांपूर्वी. धपाट्याच्या आदल्याच दिवशी. ब्रशनं धूळ काढताना मी ती हिरवी पट्टी, संगणक काम करताना जिच्यावर गोष्टी लक्षात ठेवतो ती, काढून पुसली होती. तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं होतं. परत आल्यावर पट्टी खाचेत बसवून मी झाकण लावून टाकलं होतं.

"या पट्टीची इकडची कडी लागलीय," मुंगी मान वाकडी करून म्हणाली. "तिकडची उघडीच आहे."

तिनं न सांगताच कंपासपेटीतून खोडरबर काढून दिला. कुठेतरी वाचलं असेल, नाहीतर मीच कधीतरी सांगितलं असेल. पट्टीच्या सोनेरी दातांवर मी खोडरबर हलक्या हातानं फिरवला, कण फुंकले, पट्टी खाचेत ठेवली आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबली. टक. टक. दोन्ही कड्या लागल्या.

बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी आली आणि पडदा उजळला.

मुंगीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मग धपाट्यानं काय व्हायचं?"

"पट्टी जरा हलून तेवढ्यापुरती टेकायची."

"आणि परत सुटायची."

"हो."

"मग तुम्ही तेव्हाच उघडून का नाही बघितलं?"

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. मी मुलांना विचारतो तसंच विचारलं आणि माझ्याकडे बघत थांबली.

"आळस," मी म्हणालो. "धपाट्यानं भागत होतं ना." मग विचारलं, "सोमवारी तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती वहीवरचे खोडरबराचे कण बोटानं गोळा करत होती. "तुम्ही पान उलटलंत ना. मला वाटलं, तुम्हाला सांगायचं नाहीये."

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बाबा, तीन दिवस ती खिडकीत बसली होती. दुपारी मी घरी नसते. तुम्ही बघत होतात."

"हो."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त मुंगीला हाक मारली आणि म्हणाली, "जा, खाली जाऊन ये." तेव्हा अंधार पडायला लागला होता. मुलं आपापल्या घरी गेलेली होती.

शुक्रवारी मी शाळेत गेलो. संगणकाचे सर माझ्या मुलाहूनही लहान. टेबलावर त्या बिघडलेल्या यंत्राची उघडी तबकडी होती. माझं सांगून होईपर्यंत ते तिच्याकडेच बघत होते.

"हे तुम्ही मंगळवारी येऊन सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मी तिला तीस मुलांसमोर बोललोय. आता ते परत कसं घेऊ?"

"मग तीस मुलांसमोरच सांगतो."

पुढच्या तासाला सरांनी मुंगीसकट सगळा वर्ग संगणक कक्षात बोलावला. छत्तीस वर्षं मी वर्गापुढे उभा राहिलो, पण त्या दिवशी टेबलाची कड धरावी लागली. मुंगी शेवटच्या बाकावर होती. तिचे कान लाल झाले होते. तिला माझी लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. मी रीत सांगितली, पट्टी सांगितली, आळस सांगितला. पान उलटलं तेही सांगितलं.

एक चष्मेवाला मुलगा उभा राहिला. "माझी चित्रं गेली. तीन आठवडे काढत होतो मी."

"हो. ती माझ्यामुळे गेली."

"परत तशी येणार नाहीत."

"नाही येणार," मी म्हणालो. तो तसाच बसला. त्यानं 'असू दे' म्हटलं नाही, आणि मीही त्याच्याकडून तशी अपेक्षा धरली नाही.

पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "सर, म्हणजे आता तिची शिक्षा आजोबांना?"

वर्ग हसला. सरांनी ओठ दाबले. "आजोबा, पुढचे तीन शनिवार या. या चौघांचा मजकूर तुम्ही टाइप करून द्यायचा. यंत्राला हात लावायच्या आधी मात्र मला विचारायचं."

"विचारीन."

मग त्यांनी मुंगीला हाक मारली. "ये. सात नंबरचं यंत्र सुरू कर."

ती मधल्या वाटेनं खाली मान घालून आली. माझ्याजवळून गेली, पण वर बघितलं नाही. तिनं बटण दाबलं. पडदा काळा. त्यावर ते पांढरं कडं फिरायला लागलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एक... दोन..." आणि हळूहळू सगळा वर्ग मोजायला लागला. मुंगीचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

दहा झाले. पडदा काळाच होता. मुलं अकरा म्हणाली, बारा म्हणाली. मीही माझे हात पाठीमागे घेतले आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.