छबुबाईचं पथ्य

दिव्यावर धरलेल्या काचेच्या नळीतलं पाणी आधी नुसतं हललं, मग वरच्या अंगाला धुरकट झालं आणि बघता बघता पांढरंफटक पडलं. अंडं उकडल्यावर आतलं पाणी थिजतं तसं.

डॉक्टरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. "बाई, इकडं बघा."

छबुबाईनं पदर सावरत पाहिलं. नवऱ्याची लघवी अशी परक्या माणसासमोर बघायची म्हणून ती आधी लाजली, पण तो पांढरा गाळ दिसला आणि लाज कुठल्या कुठे गेली.

"ह्ये काय म्हनायचं?"

"हे यांच्या अंगातलं सत्त्व. लघवी गाळणाऱ्या गुर्द्यांनी ते राखायचं असतं. यांचे गुर्दे खराब झालेत, ते राखत नाहीत."

हरिबा भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. पाय इतके सुजले होते की वहाणा हातात घेऊनच तो दवाखान्याची पायरी चढला होता. पापण्या मधमाशी चावल्यासारख्या फुगलेल्या. नांदूरघाटाहून बैलगाडीनं निघून, नेकनूरला मुक्काम करून दोघं नवराबायको बीडला पोचली होती.

"मंग लई खायाला घालावं लागंल," छबुबाई म्हणाली. "गळतंय तेवढं भरून काढाया. डाळ, दूध, मटन."

डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले, वयानं तिच्या धाकट्या दिराएवढे. ते हसले नाहीत. "इथंच सगळे चुकतात. बैल थकला तर गाडीतल्या गोण्या वाढवता का कमी करता?"

"कमी."

"डाळ, मटण, दूध या जड गोण्या. यांच्या गुर्द्यांना आता त्या ओढवत नाहीत. म्हणून काढून घ्यायच्या. पण बैल उपाशी ठेवायचा नाही. भात, तूप, गूळ, भोपळा, दोडका पोटभर द्या. दोन दिवसांतून एक अंडं, नाहीतर रोज अर्धी वाटी दूध. तेवढं लागतंच, नाहीतर माणूस वाळतो. त्याच्यावर नाही. आणि मीठ बंद. अजिबात बंद."

"किती रोज?"

डॉक्टरांनी नळी मोरीत रिकामी केली. "कायमचं, बाई."

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याचा घाट मागं पडल्यावर हरिबा म्हणाला, "आळनी म्हंजी पार आळनी?"

"हां."

"मंग तुज्या हाताचा उपेग काय?" आणि आपणच हसला.

हसण्यासारखं होतंच ते. नांदूरघाट आणि भोवतालच्या दहा-बारा गावांत लग्नाची तारीख ठरली की वाजंत्रीवाल्यांच्या आधी छबुबाईला सांगावा जायचा. तिच्या हातची येसराची आमटी हे त्या मुलखातलं नाव होतं. डाळी आणि दाणे वेगवेगळे भाजून, मसाल्यासकट दळून ती येसर करायची, आणि हजार माणसांच्या आमटीचं मीठ नुसत्या ओंजळीच्या अंदाजानं टाकायची. कधी चुकलं नाही. हरिबा प्रत्येक लग्नात शेवटच्या पंगतीला बसे. तळाची आमटी घट्ट असते म्हणून.

त्याच बाईनं आता नवऱ्याच्या पथ्यासाठी वेगळी चूल मांडली. तांदूळ ही त्या मुलखात सणाची चीज, तो रोज शिजू लागला. आळणी भात, वर तूप, बाजूला दोडक्याची आळणी भाजी, गुळाचा खडा. पहिले आठ दिवस हरिबा घास तोंडात घोळवत बसे. नवव्या दिवशी त्यानं ताट सारलं. "माती खाल्ल्यावानी वाटतंय," म्हणाला. छबुबाईनं ताट उचललं नाही. ती तिथंच बसून राहिली. संध्याकाळी त्यानं तेच गार ताट संपवलं.

दोन महिन्यांत सूज उतरली. पायात वहाणा गेल्या. तो पुन्हा शेतात जाऊ लागला, औताला नाही, पण राखणीला. गावाला मात्र सूज उतरलेली दिसली नाही, माणूस बारीक झालेला दिसला. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "दुनियेला जेवू घालती आन घरच्याला पेज पाजती." छबुबाई घागर भरून निघून यायची.

त्यांच्याकडं एक कुत्रा होता. लांब तोंडाचा, सडपातळ, कारवानी जातीचा, आता म्हातारा झालेला. छाती काढून गावभर गस्त घालायचा म्हणून हरिबानं त्याचं नाव जमादार ठेवलं होतं. केजहून खरा जमादार गावात आला की घरातलं कुणी त्या दिवशी कुत्र्याला नावानं हाक मारत नसे. तर हा जमादार त्या उन्हाळ्यात सारखा हौदावर दिसू लागला. पाणी पिऊन पिऊन पोट फुगायचं, पण बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळला. तोंडाला घाण वास. आवडीचं हाड पुढं टाकलं तरी हुंगून बाजूला व्हायचा.

पुढच्या खेपेला बीडला गेल्यावर छबुबाईनं अडखळत अडखळत डॉक्टरांना ते सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर. पण म्हाताऱ्या कुत्र्याचे गुर्देही असेच झिजतात. मटण, हाडं बंद करा. यांचाच भात त्याला घाला. अंडं मात्र त्याला रोज द्या, कुत्र्याला माणसापेक्षा जास्त लागतं. आणि पाणी तोडू नका, पिईल तेवढं पिऊ द्या."

मग त्याच पातेल्यात कुत्र्याचाही भात शिजू लागला. जमादारानं पहिल्या दिवशी थोडं चाखलं, दुसऱ्या दिवशी भांडं चाटून पुसलं. हरिबाला त्याची मोठी गंमत वाटली. "ये जमादार, बस. आपली पंगत," असं म्हणून तो ताटावर बसायचा. कुत्रं खायला लागलं की तोही खायचा. त्या दिवसांत त्याचं पथ्य सगळ्यात सोपं गेलं.

अवघड होतं ते तुळजाबाईला. ती हरिबाची आई. तीन लेकरं लहानपणी गेल्यावर राहिलेला हा थोरला, त्याला तिनं जपून वाढवलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी हरिबाच्या पापण्या पुन्हा फुगल्या. दोन दिवसांनी पाय. तिसऱ्या दिवशी छबुबाई खुरपणीवरून मध्येच घरी आली, तर तुळजाबाई लेकाला वाडग्यातून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पाजत होती. मीठ, जिरं घालून, गरमागरम.

सासू दचकली, पण वाडगं खाली ठेवलं नाही. "बाळंतिनीला देत्यात, पैलवानाला देत्यात. त्येच्या अंगात रगत न्हाई, दिसत न्हाई का तुला? काहून मारतीस त्येला?"

छबुबाईला बोलता आलं असतं. ती म्हणाली, "आत्याबाई, उद्या बीडला चला."

म्हातारी जन्मात बीडला गेली नव्हती. गाडीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण गेली. डॉक्टरांनी तिच्यासमोर दिवा पेटवला, नळी धरली. पाणी पांढरं झालं, मागच्या खेपेपेक्षा दाट.

तुळजाबाईनं ती नळी कितीतरी वेळ पाहिली. "ह्ये माज्या दुदाचं तर न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "नाही आजी," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर तिनं लेकाला चोरून काही दिलं नाही. शेजारणी काही बोलल्या की छबुबाईच्या आधी तीच अंगावर जायची.

पुढच्या वैशाखात हरिबाच्या धाकट्या भावाच्या, धोंडीरामाच्या मुलीचं लग्न निघालं. घरचंच लग्न. छबुबाई पहाटेपासून चुलीसाठी खणलेल्या चरावर उभी होती. तीन मोठी पातेली आमटीची, दोन लापशीची. हरिबासाठी भात तिनं आधीच करून झाकून ठेवला होता. तो पंगतीच्या कडेला, आपली वाटी पुढ्यात घेऊन बसला.

वरपक्षाकडून आलेले आप्पा म्हणून एक पाहुणे होते. मोठी जमीन, मोठा आवाज. त्यांचं लक्ष त्या वाटीकडं गेलं.

"काय बे हरिबा, ऐकलं ते खरं का? बायको तुला कुत्र्यासंगं एका भांड्यात जेवू घालती म्हनं?"

पंगत हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "भांडं एक आसंल न्हाईतर दोन, उपाशी मारायची तऱ्हा हाय ती." आणखी हसू आलं.

छबुबाई आमटीची पळी घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. हरिबानंही तिला पाहिलं. त्यानं आपली वाटी बाजूला सारली, एक पत्रावळ ओढून घेतली, द्रोण नीट बसवला.

"छबू, वाड."

चारचौघांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

ती जवळ गेली, वाकली. "नगं," ती त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली.

"वाड म्हन्तो. समद्यांम्होरं वाड."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला कळलं, तो मागत होता ते आमटीसाठी नव्हे. तिनं नाही म्हटलं असतं तर पंगतीत बोललं गेलेलं सगळं खरं ठरलं असतं, आणि त्याची मान कायमची खाली गेली असती. तिनं पळी भरली. द्रोण काठोकाठ भरला. त्यानं भाकरी कुस्करली, खाल्ली, द्रोण पुन्हा पुढं केला. तीनदा.

मग बोटं चाटून तो आप्पांकडं वळला. "आप्पा, ह्या हाताचं खाऊन मी वीस वर्सं काडली. उपाशी मारती म्हनाऱ्यानं माज्या म्होरं येऊन म्हनावं."

आप्पांनी हसून विषय बदलला. पंगत पुढं जेवली. छबुबाई चराकडं परत आली आणि पातेल्याखालची लाकडं मागं ओढू लागली. ती ओढायची तशी गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरिबा मुकाट्यानं आपल्या भातावर बसला. पण चौथ्या दिवशी सूज आली ती उतरली नाही. पुढं अन्नावरची वासनाच उडाली. ओकाऱ्या, अंगाला खाज, दिवसभर ग्लानी. शेवटी शेवटी तुळजाबाई म्हणायची, "आता काय हवं ते दे त्येला," आणि छबुबाई विचारायची, "काय करू? आमटी करू?" तो मान हलवायचा. श्रावणातल्या एका सकाळी, उन्हं दारात आल्यावर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

सुतकात घरची चूल पेटत नाही. भाऊबंदांच्या घरून पिठलं-भाकरी येत होती. जमादार ते हुंगून दारात पडून राहायचा. तिसऱ्या दिवशी छबुबाई उठली, अंगणात तीन दगड मांडले आणि त्याच्यासाठी आळणी भात टाकला. समाचाराला आलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तुळजाबाई आतून म्हणाली, "करू द्या. त्येला भूक लागती." कुत्रा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगला. बांधावरच्या लिंबाखाली धोंडीरामानं त्याला पुरलं.

हरिबा गेल्यावर सहा महिन्यांनी धोंडीराम बीडला निघाला, तेव्हा छबुबाई त्याच्या गाडीत बसली. उरलेल्या औषधाच्या बाटल्या दवाखान्याच्या टेबलावर ठेवून तिनं डॉक्टरांना लग्नातली सगळी गोष्ट सांगितली.

"त्या तीन पळ्यांनी गेले का?"

"एका जेवणानं माणूस जात नाही, बाई. गुर्दे संपतच आले होते. पथ्य नसतं तर पहिल्याच वर्षी गेले असते. तुम्ही त्यांना दोन वर्षं दिलीत."

"पर त्या दिशी न्हाई खाल्लं असतं तर?"

डॉक्टरांनी बाटल्या कपाटात ठेवल्या. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? थोडे दिवस. महिना असेल. मला माहीत नाही."

तो महिना घेऊन छबुबाई घरी आली.

लग्नाच्या चुलीवर आता तिला कुणी बोलवत नव्हतं. उघड्या कपाळाच्या बाईला कोण बोलावणार? येसर दळायला मात्र सोयरेधायरे तिच्याकडंच आणून टाकत. अशीच एका दुपारी ती भाजणी करत असताना दारात गाडी थांबली. युसूफ वडगाव या गावची कौशल्याबाई नावाची तिशीतली बाई उतरली. तिच्या नवऱ्याच्या पायाला सूज होती, आणि बीडच्या डॉक्टरांनी पथ्य सांगून वर सांगितलं होतं, नांदूरघाटच्या छबुबाईकडं जा, ती दाखवील.

कौशल्याबाईची नजर छबुबाईच्या कपाळावर गेली आणि तिचा पहिला प्रश्न ओठांतच राहिला.

छबुबाईनं तिला सगळं दाखवलं. भात किती सैल ठेवायचा, भाजीला आंबटपणा कशानं आणायचा म्हणजे मीठ कमी आठवतं, अंडं कधी, दूध केवढ्या वाटीनं. कौशल्याबाई बोटांवर मोजून पाठ करत होती. मध्येच तिची बोटं थांबली.

"मावशी, ह्ये समदं करीन. पर त्यांनी मागितलं तर? तोंडाकडं बघून नगं कसं म्हनायचं?"

छबुबाईनं भात ढवळला. "नगं म्हनायचं न्हाई. त्यांच्या म्होरं बसायचं आन आपुनबी त्येच खायाचं."

"तुमी खाल्लंत? दोन वर्सं?"

छबुबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. उंबऱ्याशी बसलेल्या तुळजाबाईनं तोंड आत वळवलं. "अजून त्येच खाती," ती म्हणाली. "मी लई सांगितलं. ऐकत न्हाई."

"मिठाचं आता गिळवत न्हाई, आत्याबाई," छबुबाई म्हणाली, आणि तिनं तिघींची ताटं घेतली. पाहुणीला आणि सासूला भाकरी, आमटी, कांदा वाढला. मग पातेल्यातला भात आपल्या ताटात काढून ती त्यांच्यासोबत जेवायला बसली.