आठवी ‘क’च्या वह्या

तेजल पगारेला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला ‘वाचन आणि चिंतन’ नावाचं एक काम होतं. पाच किशोर कादंबऱ्या वाचायच्या, प्रत्येकीवर दोन पानं स्वतःचं चिंतन लिहायचं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी फाईल गायधनी मॅडमच्या टेबलावर ठेवायची. सोपं काम मिळालं म्हणून वर्गातल्या मुली खूश होत्या. पहिली कादंबरी संपेपर्यंत तेजलही खूश होती.

पहिलीत वीटभट्टीवरचा मुलगा तापानं गेला आणि बंगल्यातल्या नायकाला माणुसकी कळली. दुसरीत धुणंभांडी करणाऱ्या बाईची मुलगी शाळा सोडून गावी गेली, जाताना तिनं नायिकेला हसून हात हलवला, मग नायिका घरी येऊन आईच्या गळ्यात पडली. तिसरीत पाड्यावरचा पोरगा नदीत बुडाला. तेजलनं फाईलमध्ये लिहिलं, ‘यांच्या मुलांना शहाणं करायला दर वेळी आमच्यातल्याच कुणालातरी का मरायला नाहीतर निघून जायला लागतं?’

गायधनी मॅडमनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं.

“तेजल, चिंतन लिहायचंय, तक्रार नाही. भाषा जरा सौम्य कर. आणि चौथी कादंबरी मन लावून वाच. निगुडकर बाईंची आहे. पुरस्कार मिळालाय तिला. गुरुवारी बाई स्वतः आपल्याकडे येतायत.”

चौथी कादंबरी तेजलनं सातपूरच्या बसमध्येच उघडली. नायिका गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली, हुशार आणि एकटी. तिच्या वर्गात सखू नावाची कामगारवस्तीतली मुलगी, ठिगळाच्या फ्रॉकातली. सत्तेचाळिसाव्या पानावर सखू वर्गापुढे उभी राहून ‘माझे वडील’ हा निबंध वाचते.

‘माझ्या वडिलांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना तीनच असतात. बाकीच्यांना दोन जास्तीची दिसली की मला ते लोक वेगळे वाटायचे...’

तेजलची नजर पानावर थांबली, पण पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आपोआप आलं. ‘मोजायला मी वायसरवर शिकले. वडील कंपनीतून खराब वायसर खिशात घालून आणायचे.’ पान उलटलं. तेच वाक्य. त्याच्या पुढचंही तेच.

हा निबंध तिच्या थोरल्या बहिणीचा होता. स्नेहलनं तो आठवी ‘क’मध्ये असताना लिहिला होता, अठरा वर्षांपूर्वी. अप्पांनी तो तिच्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला होता की त्यांना पाठ झाला, आणि त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून पुढे तेजललाही. मराठीच्या बाईंनी ती वही स्पर्धेला पाठवते म्हणून ठेवून घेतली ती परत आलीच नाही. तेजलनं पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचला. ‘लेखिकेने नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले.’

ती पुढे वाचत गेली. निबंधानंतर आठ पानांत सखू नायिकेची कंपासपेटी चोरते आणि नायिका तिला माफ करते. सखूचा बाप ‘तीन बोटांत बाटली धरून’ घरी येतो, पोरीला बडवतो, पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावून देतो. पहिल्याच बाळंतपणात सखू मरते. नायिका खिडकीत उभी राहून डॉक्टर व्हायचं ठरवते. तेजल भानावर आली तेव्हा तिचा पपया नर्सरीचा स्टॉप मागे पडला होता. दोन स्टॉप ती उलट चालत आली, आणि चालताना तिचं डोकं असं तापलं होतं की समोरून आलेल्या रिक्षावाल्याला उगाचच ओरडून बसली.

घरी अप्पा ओट्यावर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सहादू पगारे आख्ख्या गल्लीचे मिक्सर दुरुस्त करायचे.

“काय वाचतीस एवढं? चेहरा का असा लाल?”

तिला सांगायचं नव्हतं. तरी तिनं ते पान काढलं आणि निबंध वाचायला लागली. दुसऱ्या ओळीला अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तिसऱ्या ओळीपासून ते तिच्या बरोबरीनं म्हणायला लागले, शेवटी तर ती गप्प होती आणि तेच म्हणत होते.

“लंका! अगं बाहेर ये! स्नेहूचं छापलंय! पुस्तकात छापलंय!” त्यांनी आईला हाक मारली. “तेजू, नाव हाय का तिचं?”

“नाही, अप्पा.”

“ऱ्हाऊ दे नाव. पुढं काय हाय? वाच की.”

“पुढे दुसरंच आहे.”

“दुसरं कसं असंल? तीन बोटांचा मीच ना?” त्यांनी पुस्तक हातातून घेतलं, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. तेजलनं पुस्तक ओढून घ्यायला हवं होतं. पुढे कित्येक दिवस तिला तेच वाटत राहिलं. अप्पा बाटलीपर्यंत पोचले, थांबले, परत मागे जाऊन त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

“पंचशील घेतलेला माणूस हाय मी,” ते एवढंच म्हणाले. “बाईंना म्हाईत नसंल.”

पुस्तक मिटून त्यांनी तिच्याकडे दिलं. कंपनीत प्रेस मशीनमध्ये बोटं गेली तेव्हापासून त्या हातानं ते सगळं करायचे, कुणी बघितलं तरी कधी लपवला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी तो खिशात घातला आणि डाव्या हातानंच मिक्सर आवरून ठेवला.

स्नेहल दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर ती कंपनीच्या निळ्या शर्टावरच आली. पुस्तक तिनं उभ्यानं वाचलं, मध्ये एकदाही मान वर केली नाही.

“मेले होय मी?” ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि चोरीपण केली?”

“ताई, आपण पोलिसात जाऊ. नाहीतर पेपरला देऊ. मी गुरुवारी सगळ्यांसमोर...”

“पुरावा काय? वही तिच्याकडे आहे.” स्नेहलनं पुस्तक टेबलावर आपटलं. “गुरुवारी तू एवढंच विचार, माझी वही कुठाय. बाकी मी बघते. आणि हे अप्पांना कुणी दाखवलं?”

“मी,” तेजल म्हणाली. स्नेहलनं तिच्याकडे असं बघितलं की तेजलला निगुडकर बाईंपेक्षाही स्वतःचाच जास्त राग आला.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. निगुडकर बाई मऊ आवाजात बोलत होत्या. “सखू मला शोधावी लागली नाही,” त्या म्हणाल्या, “ती माझ्या काळजातूनच उमलून आली.” मुली माना डोलवत होत्या. प्रश्नांची वेळ आली तशी तेजल उठली आणि माईक मागून घेतला.

“बाई, सखूचा निबंध कुणी लिहिला?”

“सखूनंच!” बाई हसल्या, सभागृहही हसलं.

“तो आठवी ‘क’मधल्या स्नेहल पगारेनं लिहिलाय. मी तिची धाकटी बहीण. तुम्ही स्पर्धेसाठी घेतलेली वही ती परत मागतेय.”

हसणं थांबलं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला. “स्नेहल! आठवते ना. फार गुणी पोर. पण ती... गेली ना?”

“कुठे गेली?”

“म्हणजे लग्न करून दिलं, पुढे काहीतरी झालं, असं कानावर होतं बुवा.”

“डिप्लोमा केलाय तिनं. सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे. तिची सही झाल्याशिवाय गेटबाहेर माल जात नाही. तुमच्या घरापासून तिचं घर वीस मिनिटांवर आहे, बाई. एकदा विचारायचं होतं.”

गायधनी मॅडम लगबगीनं स्टेजवर आल्या आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. तेजलच्या हातातला माईक बंद झाला. पण बाई उठून तिच्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बाळा, लेखक आयुष्यातूनच उचलतो. उलट तुझ्या बहिणीला मी अमर केलंय.”

“मारून?” तेजलनं विचारलं. माईक नव्हता, तरी पहिल्या तीन रांगांनी ऐकलं.

पाहुण्यांचा अपमान केला म्हणून मॅडमनी त्याच दुपारी माफीचं पत्र मागितलं. नाहीतर अंतर्गत गुणांचा विचार करावा लागेल, असं शांतपणे सांगितलं. “चिंतन मागितलं होतंत ना मॅडम,” तेजल म्हणाली, “हेच आहे.”

सुट्टीच्या दिवशी स्नेहलनं स्कूटर काढली आणि तेजलला मागे बसायला सांगितलं. गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर निगुडकर बाईंनी स्वतः दार उघडलं.

“अगं स्नेहल! केवढी मोठी झालीस! बस, चहा टाकते.”

“चहा नको. माझी वही द्या.”

“अठरा वर्षं झाली गं. आता कुठे शोधू?”

“निबंध शब्दन् शब्द उतरवलाय तुम्ही. तीन वर्षांपूर्वी पुस्तक आलं. म्हणजे तेव्हा वही समोर होती.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि या दोघीही मागोमाग गेल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात गठ्ठे होते. एका गठ्ठ्यावर खडूनं ‘८ क’ लिहिलं होतं. नाडी सोडून बाईंनी एक वही काढून पुढे केली. स्नेहलनं ती घेतली आणि गठ्ठ्याकडे बघत राहिली. तपकिरी कव्हरं, त्यावर लेबलं, लेबलांवर वर्गातल्या मुलामुलींची नावं.

“या सगळ्या निबंधाच्या वह्या आहेत?”

“माझा संग्रह आहे तो. मुलांच्या आठवणी.”

“आमच्या आहेत.” स्नेहलनं आख्खा गठ्ठा उचलून छातीशी धरला.

“असं कसं नेतेस?” आता बाईंचा आवाज चढला. “मी जपल्या म्हणून राहिल्या! तुमच्या घरात राहिल्या असत्या का?”

तेजल काहीतरी बोलणार होती, पण स्नेहलनं तिला मानेनंच गप्प केलं. “बाई, माझ्या अप्पांना तो निबंध अजून पाठ आहे,” ती म्हणाली.

बाईंनी कपाट लावून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “हे बघ, पुढच्या आवृत्तीत मी तुझे आभार मानते. नाव घालून.”

“आभार नकोत. मला मारलंत तेही राहू द्या. माझ्या बापाच्या हातातली बाटली काढा.”

“ती कथेची गरज आहे गं. तू भावनेच्या भरात बोलतेयस.”

“मग कथेला तुमचे वडील घ्या,” स्नेहल म्हणाली आणि जिना उतरायला लागली. लिफ्टची वाट बघायला ती थांबलीच नाही.

खाली स्कूटरच्या पायदानावर गठ्ठा ठेवून स्नेहलनं वह्या मोजल्या. एकतीस भरल्या. तिच्या वर्गातली पिंकी आता श्रमिकनगरला ब्लाऊज शिवायची, तिचं दुकान वाटेवरच होतं. पिंकीनं वही हातात घेतली, लेबलवरचं स्वतःचं अक्षर बघून खळखळून हसली, आणि दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मशीन बंद करून वाचत बसली. मग तिनं तेजलकडून कादंबरी मागून घेतली. पानं चाळता चाळता एका जागी तिचं बोट थांबलं. सखूच्या शेजारी राहणारी एक म्हातारी, तोंडात मिश्री, कुत्र्यांना भाकरी घालणारी, लोक जिला वेडी म्हणायचे.

“ही माझी आजी,” पिंकी म्हणाली. “नवसाबाई. वेडी नव्हती गं ती.” थोड्या वेळानं तिनं मोबाईल उचलला. “आपल्या वर्गातल्या बाकीच्यांचे नंबर आहेत का तुझ्याकडे?”

दिवाळीपर्यंत सव्वीस वह्या पोचल्या. पाच जणांचा पत्ता लागला नाही. नऊ जणांना कादंबरीत आपापल्या घरचं कुणी ना कुणी सापडलं. त्या सगळ्यांनी मिळून प्रकाशकाला पत्र लिहिलं आणि सोबत वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. मजकूर तेजलनं लिहिला, सौम्य केला नाही. उत्तर दोन ओळींचं आलं, की सर्व पात्रे काल्पनिक आहेत. त्यावर पिंकीनं सरळ वकील गाठला.

फाईलला पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले. गायधनी मॅडम म्हणाल्या, माफीचं पत्र दिलंस तर अजूनही बघता येईल. तेजलनं गुणांच्या यादीत आपल्या नावापुढे सही केली आणि पेन मॅडमच्या टेबलावर ठेवून बाहेर आली.