नव्व्याण्णव सालचे रामाजी

प्रेमिला हिंगण्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट. १९८९ साली तिथे कॉम्प्युटर आला आणि पोरीचा भाव एकदम वधारला. धरमपेठेतल्या समाजमंडळाने ज्येष्ठांचा सत्कार ठरवला, तेव्हा वयाची यादी करण्याचं काम आपसूक तिच्याच गळ्यात पडलं. पहिली शाल सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मिळायची होती.

साहेबांची परवानगी काढून तिने तक्त्यात जन्मतारखा भरल्या. वयं पटापट निघाली. फक्त तिच्या आजोबांच्या, रामाजींच्या नावापुढे चुकीची खूण आली. जन्म नोव्हेंबर १८९९. यंत्राच्या तारखा सुरू होतात १९००पासून. त्याआधी कोणी जन्मलंच नाही, असा त्या शहाण्याचा समज! कंपनीची बस सुटायला पाच मिनिटं होती. प्रेमिलाने १८९९चं १९०० केलं, यंत्राकडून वयाप्रमाणे क्रम लावून घेतला आणि यादी छापली. रामाजींचं नाव उद्या हाताने वर घेऊ म्हणाली, आणि साफ विसरली.

सत्काराच्या सकाळी मंडळाच्या गणपतरावांच्या हातात ती यादी दिसली आणि तिला ते राहून गेलेलं काम आठवलं. पहिलं नाव होतं बळीरामआजोबांचं. रामाजींचे हे चुलतभाऊ, जुलै १९००चे. दोघे एका ताटात जेवून वाढलेले. पण बळीरामआजोबांच्या मुलीच्या लग्नात मानाचा टिळा रामाजींना सोडून आधी दुसऱ्यालाच लागला आणि तेव्हापासून, वीस वर्षं, दोघांचं बोलणं बंद. आता पुन्हा तोच अपमान, तोही सख्ख्या नातीच्या हातून.

"आजोबा, माही चूक झाली," ती कानाशी लागली. "मी सांगून येते."

"बस वं. घेऊ दे त्याले." रामाजी म्हणाले खरे, पण धोतराचा सोगा त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता. ते पाहून तिला रडूच आलं.

माइकवर नाव पुकारलं. बळीरामआजोबा उठले, चार पावलं गेले आणि मधेच थांबले.

"मी नाही येत गा," ते गणपतरावांना म्हणाले. "रामाजी बसून राहिला ना तिथं. माह्यापेक्षा आठ महिन्यानं मोठा हाये तो. तुमच्या मशीनले काय मालूम?"

रामाजींनी मुठीतला सोगा सोडला.

"बळ्या," ते म्हणाले, "माहे गुडघे उठू देत नाहीत. हात दे."

बळीरामआजोबांनी दोन्ही हात पुढे केले.