देवळापुढे थांबणारी गाडी

जयसिंगाची गाडी मठाच्या देवळापुढे बंद पडली आणि रस्त्यावरच्या गर्दीने हात जोडले. "थांबली! आपणहून थांबली!" बायकांनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, कुणी चाकाखाली नारळ फोडला. मागच्या सीटवर जयसिंगाची आई बायडाबाई छाती धरून घामाने निथळत होती. तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मी आणि माझी बायको सुनीती स्कूटरवरून खडकवासल्याहून परतताना त्या गर्दीत अडकलो. सुनीती डॉक्टर. तिने म्हातारीची नाडी पाहिली. "हृदयविकाराचा झटका आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"देवानंच अडवलंय, बाई," जयसिंग म्हणाला. जमीन विकून नुकतीच गाडी घेतलेला माणूस. "भैरू महाराजांनी इंजिनाला काळा दोरा बांधल्यापासनं देवळापुढं थांबल्याबिगर ही फुडं जात न्हाई. महाराज जा म्हनले की जातो."

महाराज डोळे मिटून उभे होते. "घाई करू नगा. गाडीला कळतं ते डॉक्टरला कळत न्हाई. अंगारा आना!"

मी जयसिंगाला विचारलं, "गाडी सिग्नलला बंद पडते का हो?"

"सिग्नलला कोन थांबतंय?"

"आणि मंडईत?"

"पडते की. तिथं बी कुठंतरी देऊळ असतंच."

"देवळापुढे तुम्ही काय करता?"

"अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय उचलतो, हात छातीला लावतो. मग महाराजांचं नाव घेऊन पाय दाबला की गाडी चालू. पाय सोडायचा न्हाई म्हनलेत. महाराज आधी गॅरेजात कामाला होते, तिथंच त्यांना साक्षात्कार झाला."

साक्षात्कार कसला झाला ते मला कळलं. मी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरवर विजेवर चालणारी एक छोटी झडप असते. किल्ली फिरवली की 'टिक्' आवाज करून ती उघडते आणि पाय उचललेला असतानाही इंजिनला थोडं पेट्रोल मिळत राहतं. वीज तुटली की झडप बंद. पाय दाबलात तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं. उचललात की इंजिन मेलं.

किल्ली फिरवली. टिक् नाही. काळ्या दोऱ्याच्या गाठी सोडल्या, तर खाली झडपेची वायर काढून ठेवलेली आणि तिच्या टोकाला व्यवस्थित टेप गुंडाळलेली. मी टेप काढून वायर जोडली. टिक्. इंजिन सुरू केलं आणि पाय काढून घेतला. देवळाच्या ऐन दारात ते शांतपणे चालू राहिलं.

"दोरा सोडला!" महाराज किंचाळले. "म्हातारीचं पाप तुझ्या डोक्यावर!"

गर्दी माझ्यावर धावून आली. सुनीती जयसिंगावर ओरडली तेव्हा कुठे त्याने गाडी हलवली. बायडाबाई दवाखान्याच्या दारातच गेल्या.

"वेळेवर आणलं असतंत, तर वाचल्या असत्या," सुनीतीने त्याला तोंडावर सांगितलं.

"हे आत्ता सांगायलाच हवं होतं?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"हो. दुसरं कोणी सांगणार नाही."

तेराव्यानंतर जयसिंग भेटला. गाडी विकून टाकली होती. "ती कुठंच थांबंना, म्हनून इकली. तुमी देव घालवला आन् आई बी घालवली," म्हणाला. मठात गर्दी वाढल्याचं त्यानेच अभिमानाने सांगितलं. मला त्याची कीव आली नाही, राग आला. अजूनही येतो.

वाचकहो, हात खुशाल जोडा. पण गाडी बंद पडली तर बॉनेट उघडा, माणूस कोसळलं तर दवाखाना गाठा. वाटेत एखादा महाराज आडवा आला, तर त्याला एवढंच विचारा, की देवाने टेप कुठून आणली?