डाव्या बुटाचा कौल

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. रागावू नका. माझा धंदाच तसला. नदीतल्या शेवाळलेल्या धोंड्यांवर माणसाला उभं ठेवायचं हे माझं काम. धोंड्यावर भरवसा टाकणारा बूट धन्याला घेऊन पाण्यात जातो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माझ्या जिभेच्या आतल्या बाजूला छापलं होतं. घामाने ते पुसलं गेलं, म्हणून त्याबद्दल मी गप्प बसतो. उगाच खोटं कशाला बोला? एवढं मात्र खरं की माझा तळ रबराचा नव्हता. दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा जाड थर होता. मालवणच्या बाजारात, पर्यटकांच्या टोप्या आणि मासे पकडायच्या गऱ्या विकणाऱ्या एका दुकानात आम्ही जोडीने बसलो होतो. मी डावा आणि माझा भाऊ उजवा. शेजारी काळे गमबूट नुसते चकाकत असायचे. चकाकणाऱ्या वस्तूवर माझा मुळीच विश्वास नाही. पण गिऱ्हाईक यायचं, माझा तळ बघून हसायचं आणि गमबूट घेऊन जायचं.

मग एके दिवशी मसुऱ्याहून सुगंधा आली. सोबत तिचा नवरा गुरुदास. घरची काजूची बाग, थोडंसं भात, आणि सवड मिळाली की गड नदीवर गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे पकडायला जायचं, हे त्याचं वेड. त्यालाही गमबूटच हवे होते. ते घालून तो दुकानात इकडून तिकडे रुबाबात चालला.

"एक नंबर माल, वयनी!" दुकानदार म्हणाला. मला लगेच संशय आला. सुगंधालाही आला असावा. तिने पिशवीतून ओलं गोणपाट काढलं, ते उलगडलं आणि आतला, ओढ्यातून आणलेला हिरवागार, बुळबुळीत धोंडा दुकानाच्या मध्यावर ठेवला.

"वयनी, ह्यां काय हाडलात?"

"आमच्या व्हाळातलो धोंडो. कोरड्या लादयेर म्हस पण चलता. ह्येच्यार उभे ऱ्हवान दाखवा."

गमबूट धोंड्यावर चढले आणि सर्रकन सटकले. गुरुदासने टोप्यांचा स्टँड धरला, तो टोप्यांसकट आडवा झाला. मग आमची पाळी आली. गुरुदास उभा राहिला. सुगंधाने त्याला बेसावध गाठून खांद्याला धक्का दिला. तो हलला नाही. तिने मला उलटं केलं, शिवण ओढून पाहिली, वास घेतला, नाडीचं टोक दातांनी चावून बघितलं. मला ती बाई तिथेच आवडली. आमचा स्वभाव जुळत होता.

घरी गेल्यावर मला तिच्या संशयाचं कारण कळलं. भाई हा तिचा थोरला भाऊ. तोही गरवणारा. आदल्या वर्षी नदीच्या कोंडीच्या, म्हणजे खोल डोहाच्या, तोंडावरच्या कातळावरून त्याचा पाय सटकला आणि डोकं आपटलं. तो पुन्हा बोललाच नाही. तेव्हापासून सुगंधाला नदी म्हटलं की धडकी भरायची. गुरुदास मात्र नदी सोडायला तयार नव्हता. शेवटी तिने निक्षून सांगितलं की बूट असतील तरच नदी.

पहिले काही महिने आम्ही फार सुखात काढले. मी धोंड्यावर पडायचो, आधी जरा चाचपायचो, मग पकडायचो. "बरे आसत रे बूट!" असं गुरुदास चारचौघांत म्हणायचा. संध्याकाळी सुगंधा मला पडवीत उलटा ठेवायची आणि तळावर अंगठा दाबायची. माझा तळ एकदा पाणी प्यायला की दोन-दोन दिवस सुकत नाही. अंगठ्याखालून पाणी निथळलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

पुढे खालच्या अंगाला मासे मिळेनासे झाले आणि गुरुदास कोंडीच्या पलीकडे जाऊ लागला. मित्रांनो, ती कोंड राखणदाराची. राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. त्याच्या पाण्यात कोणी वहाणा घालून उतरत नाही. मग गुरुदास काय करी? जिथे कातळ सगळ्यात निसरडा, नेमका तिथे आम्हाला काढी, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवी आणि अनवाणी पलीकडे जाई. तिथवरची वाट काठाकाठाने, कोरडी; म्हणून घरी तळ ओला लागावा यासाठी परतताना तो आम्हाला खालच्या पाण्यात बुचकळून घेई. मी त्याच्या छातीवर लोंबत खाली बघायचो. त्याची बोटं शेवाळावर थरथरायची. अहो, बूट गळ्यात आणि पाय मोकळे! मला ओरडावंसं वाटायचं, पण नुसती जीभ असून काय उपयोग?

एकदा तो घसरलाच. कोपर फुटलं, नशीब म्हणून एवढ्यावर भागलं, पण त्या गडबडीत आम्हाला बुचकळायचं राहिलं. घरी आल्यावर सुगंधाने माझ्या तळावर अंगठा दाबला.

"आज खंय गेल्लात?"

"नदीर. खवळे मासे हाडलंय मा?"

"मगे तळ कोरडो कसो? आणि कोपराक काय झाला?"

"वासरान ढकलल्यान."

"वासरू काय नदीत गरवूक इला हुता?"

गुरुदास मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "राखणदाराच्या पाण्यात बुटां घालून कसो जाव, गो? बापाशीन माका हात धरून थंय अनवाणी उतरवल्यान. माझ्यान नाय जमाचा."

"भाई पण अनवाणीच हुतो," सुगंधा म्हणाली. "तुमका असोच उचलून हाडलेलो माका बघूचो नाय."

"कौल लावया," शेवटी गुरुदास म्हणाला. "देव सांगात तसा करूया."

आमच्याकडे देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. देव बुटांना होकार देणं शक्यच नाही अशी गुरुदासची खात्री असावी. मला तर त्याचा दाट संशय आला.

सुगंधाने मला पिशवीत घालून नेलं आणि गावच्या देवळाबाहेर दीपमाळेच्या पायाशी ठेवलं. तिथून गाभाऱ्याचं दार दिसत होतं. गुरवाने विचारलं, "गाऱ्हाण्यात काय घालू?" गुरुदासने तोंड उघडायच्या आत सुगंधा बोलली.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू. ह्येका अनवाणी न्हेवचो आसात तर उजवो कौल दी. बुटां घालून घराक धाडूचो आसात तर डावो दी."

गुरव चपापला. "डावो कोण मागता, गो?"

"भाईक हॉस्पिटलात घातलो, तेवा उजवो मागलंय," ती म्हणाली. "उजवो मिळालो. भाई मिळाक नाय."

गुरवाने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, गुरुदासने "होय म्हाराजा" म्हटलं. सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. जन्मभर मी डावा म्हणून मागे राहिलो. आधी पाय घालायचा तो उजव्यात, देवाला हवं ते उजवं. त्या दिवशी मात्र एक बाई डाव्यासाठी पदर पसरून उभी होती.

डावी पाकळी पडली.

ती जरा सैलच चिकटवली होती का? लावताना गुरवाने सुगंधाकडे बघितलं होतं का? तो भाईचा लहानपणापासूनचा मैतर होता. मी संशयी, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. पण मी कोणाला विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी गुरुदास कोंडीपाशी थांबला. त्याने हात जोडले, ओंजळभर पाणी माझ्यावर शिंपडलं. "चूकभूल पदरात घी, म्हाराजा," असं म्हणून त्याने माझ्यासकट पाय पाण्यात टाकला. भाई जिथून गेला तो कातळ माझ्या तळाखाली आला. मी त्याला चाचपलं, त्याच्यावर तिळमात्र विश्वास ठेवला नाही, आणि घट्ट धरलं. गुरुदास पलीकडे गेला. येताना तो रडत होता, आणि पाय मात्र एकदाही सटकला नाही.

आता माझ्या तळाची लोकर झिजून टक्कल पडलंय. परवा सुगंधाने मला त्याच व्हाळातल्या धोंड्यावर दाबून बघितलं. मी सटकलो. तिने मला खुंटीला टांगलं आणि नवी जोडी येईपर्यंत गुरुदासची गरी कपाटात टाकून कुलूप लावलं. नव्या जोडीवर माझा विश्वास नाही. सुगंधाचा तर नाहीच नाही. म्हणून मी निर्धास्त आहे.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, तळ झिजला की वेळेवर बदला, हे तर मी सांगतोच. पण आणखी एक. घरी आल्यावर कोणी तुमच्या पायांकडे, कोपरांकडे, ओल्या-कोरड्या वहाणांकडे निरखून बघत असेल, तर चिडू नका. वासराच्या अंगावर ढकलू नका. खरं काय ते सांगून टाका. नाहीतरी ते माणूस अंगठा दाबून बघणारच आहे.