देवघरावरचे कवेलू

“हात जोड, मंगच पाय टाक!” सदाशिवराव पाटील अंगणातून ओरडले.

उकंडा छपराच्या आढ्यावर उकिडवा बसला होता. परवाच्या गारांनी दारव्ह्याकडची सगळी गावं झोडपली होती. पाटलांच्या देवघरावर मात्र त्यांची मेहेरबानी जरा जास्तच झाली होती. तिथला एकही कवेलू धड राहिला नव्हता.

देवघराच्या छपरावर पाय ठेवण्याआधी खालच्या देवांना वरूनच हात जोडायचे, ही पाटलांच्या घरची रीत. अकरा वर्षं कवेलू फेरताना, छपराची कौलं उचलून नव्यानं बसवताना, उकंडानं ती मुकाट्यानं पाळली होती. पण पाच महिन्यांपूर्वी तो नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आला होता. या देवांना पुन्हा हात जोडणार नाही, असं लाखो माणसांत उभं राहून तो स्वतःच्या तोंडानं बोलला होता.

“मले नाही जमत, पाटील. काम सांगा, चोख करतो.”

“लय मोठा झाला का बे? सरक बाजूले. घनश्याम लावन कवेलू!”

उकंडा आढ्यावरच बाजूला सरकला, खाली उतरला नाही. मजुरी म्हणून पाटील जुन्या साठ्यातले उरतील ते कवेलू देणार होते. त्याच्या घराच्या छपराची गारांनी चाळणी केली होती आणि खाली बाळंतीण लेक जया नऊ दिवसांचं लेकरू घेऊन पडली होती.

पाटलांचा मुलगा घनश्याम शिडीनं वर आला. त्यानं डोळे मिटून हात जोडले. जाणता माणूस कवेलूखालच्या बल्लीचा, लाकडी वाशाचा अंदाज घेऊन पाऊल टाकतो. घनश्यामनं भक्तिभावानं नेमकं दोन बल्ल्यांच्या मधोमध टाकलं. काडकन आवाज झाला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. पाय थेट देवांच्या डोक्यावर लोंबकळू लागला. आतून पाटलीणबाई विमलताईंनी किंकाळी फोडली.

“उकंड्या, धर त्याले!” पाटील ओरडले. हात जोडायचं कोणालाही आठवलं नाही.

उकंडा बल्लीवरून धावला, त्यानं पोराला काखेत धरून वर ओढलं आणि शिडीनं खाली पोचवलं. पाटलांनी घाम पुसला.

“आता तेवढं लावूनच टाक. पण आधी हात जोड.”

उकंडाचं डोकं भणाणलं. एवढं होऊनही यांची लाज जागी होऊ नये?

“पोरगं काढतानी काहून नाही म्हणलं, हात जोड म्हणून? तवा माहे असेच हात चालले. कवेलू लावाले नाही चालत?”

“मंग तुले कवेलूचा तुकडाबी भेटणार नाही!”

“राहू द्या.”

शिडी त्याची स्वतःची होती. ती खांद्यावर टाकून तो निघाला.

दुपारी तो आपल्या छपरावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरत होता. आतून बायको, कांताबाई, उजेड दिसेल तिथं काठीनं टोचून दाखवत होती. त्यानं वरूनच तिला सगळं सांगितलं.

“चांगलं केलं,” ती म्हणाली. मग पुढचं भोक टोचत, “आता तठी देवावर पाणी पडन, अन अठी लेकरावर.”

उकंडानं शेवटच्या पऱ्हाट्या भोकावर सारल्या. आभाळ पुन्हा भरून येत होतं.

“अजून दिसते का उजेड?”

“दिसते.”

पऱ्हाट्या संपल्या होत्या. उकंडानं डोक्याचं पागोटं सोडलं, चार पदरी घडी करून भोकावर पसरलं आणि कडांवर दगड ठेवले.

“आता?”

“आता नाही, बाबा,” जयाचा आवाज आला.

उकंडा उघड्या डोक्यानं तिथंच बसून राहिला.