आधी टाचा, मग चेहरा

हाताने मणके बसवायची विद्या जिथे निघाली त्या डॅव्हनपोर्टच्या आसपास ज्याची पाठ दुखते तो कायरोप्रॅक्टरकडे जातो. ज्याची दुखत नाही तोही जातो, कारण त्याचा बाप जायचा. मणके बसवून घेणं तिथे केस कापून घेण्याइतकं रुळलेलं. आर्लो क्यूल त्याच मातीतला. म्हणून मार्चमध्ये त्याची बायको लव्हर्न एका हाताने मान धरून, दुसऱ्याने भिंत धरून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "गरगरतंय रे," तेव्हा त्याने ट्रक काढला. चौकातून डावीकडे इस्पितळ, उजवीकडे कायरोप्रॅक्टर ड्वेन पॉस्टियनचा दवाखाना. त्याने सवयीने उजवीकडे वळवला.

निघाला पक्षाघात.

आर्लो तेव्हा बाहेर ट्रकमध्येच बसला होता. अँब्युलन्स बोलावली ती ड्वेननेच. पण त्याआधी आत काय झालं? ड्वेनने तिची मान फिरवली होती का? लव्हर्नला काही आठवत नव्हतं. आर्लोने विचारलं नाही, ड्वेनने सांगितलं नाही. आजारपणात शेजारणी ज्या भांड्यांतून जेवण आणतात, त्यांच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते. कोणाचं भांडं कोणाकडे, याचा हिशेब त्या गावात चुकत नाही. सगळ्यांची परत गेली. ड्वेनच्या बायकोचं तेवढं आर्लोकडे राहिलं. द्यायला जायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

आता ऑक्टोबर उजाडला होता. लव्हर्न चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, पण उजव्या पायाला पेडल दाबण्याचा जोर नव्हता. तिच्या जागी डोरीन बसत होती.

"लग्नाची गाणीसुद्धा मयतीची करते ती," लव्हर्न म्हणाली. "मला ड्वेनकडे ने."

"व्यायाम चालू आहेत ना?"

"आहेत. पाय आहे तिथेच आहे. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलंय मी. मानेला हात नाही, कंबरेचं चालेल म्हणाले. तुझं तोंड का उतरलंय? पाय माझा आहे."

आर्लोला मणका बसतानाचा तो आवाज आठवला. मक्याचं वाळकं ताट मोडावं तसा, कट्ट. लहानपणापासून ऐकलेला, ऐकून बरं वाटणारा. आता नकोसा.

दवाखान्यात तो या वेळी आत आला. ड्वेन त्याच्याकडे बघेना. हात पुसत होता, पुसून झालेले पुन्हा पुसत होता. टेबल तेच. डोक्याच्या बाजूला तोंड ठेवायची खाच, तिच्यावर कागद. लव्हर्न काठी ठेवून सवयीने पालथी व्हायला लागली.

"थांब," आर्लो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "ड्वेन, त्या दिवशी तू तिची मान फिरवलीस का?"

भिंतीवर ड्वेनच्या बापाचा फोटो होता. तोही कायरोप्रॅक्टर. ड्वेनने तिकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "फिरवणार होतो. आमच्यात आधी पेशंटला पालथं झोपवून दोन्ही टाचा जुळवून बघतात, कुठला पाय आखूड दिसतो ते. माझ्या बापाने शिकवलं, मी जन्मभर तेच केलं. मी तिच्या टाचा बघत बसलो, आर्लो. तोंड खाली होतं तिचं, खाचेत. वाकडं झालेलं मला दिसलंच नाही. मानेकडे गेलो तेव्हा कागद लाळेने भिजलेला. हात पुढे केला होता मी."



"आणि मी उजवीकडे वळलो," आर्लो म्हणाला.

"झालं दोघांचं रडून?" लव्हर्न म्हणाली. "अरे, मला विचारलं असतंस तर मीच म्हणाले असते, ड्वेनकडे चल. आता बोला, पालथी होऊ का उताणी?"

"उताणी," ड्वेन घाईने म्हणाला. "मला तुझा चेहरा दिसू दे."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मागितलाय."

ड्वेनने तिची कंबर हळू दाबली, मग एकदा झटकन. कट्ट झालं. आर्लोने डोळे मिटले. उघडले तेव्हा ड्वेन तिच्या ओठांवर नजर खिळवून उभा होता, ते वाकडे होतात का बघत.

"लव्हर्न, हस बघू."

ती हसली. उजवा कोपरा किंचित खाली, सकाळी होता तेवढाच. की जास्त? आर्लोला सांगता येईना.

"आता दोन्ही हात वर कर. तुझं नाव सांग."

"लव्हर्न क्यूल. दुर्दैवाने."

"आर्लो, तू ये. तिच्या तळपायाला हात लाव. पेडल समजून दाब गं."

सहा-सात महिन्यांत आर्लोने त्या पायाला बूट घातला होता, मोजा घातला होता, पण त्याचा जोर कधी बघितला नव्हता. भीती वाटायची. त्याने तळहात टेकवला. पाऊल गार होतं. आधी काहीच नाही. मग पावसाने फुगलेलं दार सरकावं तसं ते जडपणे पुढे आलं आणि त्याचा हात मागे गेला.

"वाढलाय का जोर?" तिने विचारलं.

आधी किती होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. "आहे," तो म्हणाला. "पुन्हा दाब."

ती दाबत राहिली. तो हात तिथेच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ड्वेनसारखाच, पापणी न लवता.

"किती वेळ दात दाखवू रे तुम्हाला?" लव्हर्न म्हणाली.

"अजून थोडा," दोघे एकदमच म्हणाले.